विषाणू एकच, मग धोका वेगळा का?

एड्स कशामुळे होतो, असे नववी-दहावीच्या वर्गात विचारले तर 'एचआयव्ही या विषाणूमुळे' असे उत्तर लगेच मिळते. उत्तर बरोबर आहे. पण त्याला जोडून दुसरा प्रश्न विचारून पाहा : विषाणू एकच असताना काही समाजगटांत तो अधिक का पसरतो? याचे उत्तर केवळ जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. अमेरिकेतील लॅटिनो समाजाच्या उदाहरणावरून आपण ते शोधू या.

मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको, मध्य व दक्षिण अमेरिका येथून आलेल्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना अमेरिकेत 'लॅटिनो' म्हणतात. त्यांच्यापैकी अनेकांची घरची भाषा स्पॅनिश असते. २०१६ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने एक हिशेब मांडला. संसर्गाचे तेव्हाचे प्रमाण कायम राहिले तर समलैंगिक व उभयलैंगिक गोऱ्या पुरुषांत अकरा जणांमागे एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचे निदान होईल. लॅटिनो पुरुषांत हेच प्रमाण चौघांमागे एक आणि कृष्णवर्णीयांत दोघांमागे एक असे निघाले. विषाणूला तर आडनाव वाचता येत नाही! मग हा फरक आला कोठून?

वर्गात एक प्रयोग करून पाहा. दोन पिशव्यांत प्रत्येकी २० चिंचोके घ्या. पहिल्या पिशवीतील एका चिंचोक्यावर खडूने खूण करा, दुसरीतील चारांवर. प्रत्येक विद्यार्थ्याने न बघता एक चिंचोका काढावा, पाहून परत टाकावा. असे प्रत्येक पिशवीतून तीनदा करावे. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात पहिल्या पिशवीतून सुमारे सहा जणांना खुणेचा चिंचोका एकदा तरी मिळेल, दुसरीतून सुमारे वीस जणांना. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण मुद्दा खरा आहे. दोन्हीकडे मुलांचे वागणे अगदी सारखेच होते. फरक पिशवीत होता. म्हणून 'त्या लोकांचे वागणेच तसे' हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

आता खुणा कमी कशा करायच्या? निरोध हा जुना उपाय आहेच. शिवाय आज दोन प्रभावी साधने हाती आहेत. पहिले म्हणजे वेळेवर तपासणी आणि उपचार. औषधांनी रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून ते दुसऱ्याला लागत नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात ७८२ पुरुष-जोडप्यांत एकालाही उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून संसर्ग झाला नाही.

दुसरे साधन म्हणजे संसर्ग होण्यापूर्वीच घ्यायची गोळी. एचआयव्हीची जनुकीय माहिती आरएनएमध्ये असते. पेशीत शिरल्यावर एका विकराच्या मदतीने तो तिची डीएनए प्रत तयार करतो. या गोळीतील औषधे नेमके तेच काम अडवतात. पेरू, इक्वेडोर, ब्राझील यांसह सहा देशांतील २,४९९ जणांवर तिची चाचणी झाली. २०१० साली निष्कर्ष आला : गोळी मिळालेल्या गटात संसर्ग ४४ टक्क्यांनी कमी झाला. परंतु ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष आढळले, त्यांच्यात धोका ९० टक्क्यांहून अधिक घटला होता.

या दोन आकड्यांमधील अंतर आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना पुष्कळ शिकवून जाते. औषध बाटलीत राहिले तर रेणू कितीही उत्तम असो, त्याचा उपयोग नाही. २०२१ साली अमेरिकेत ज्यांना ही गोळी घेणे योग्य ठरले असते अशा गोऱ्या लोकांपैकी ७८ टक्क्यांना ती लिहून दिली गेली होती. लॅटिनो लोकांत हे प्रमाण २१ टक्के होते.

असे का व्हावे? रफाएल दियाज या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली याच विषयावर पुस्तक लिहिले. पुढे न्यूयॉर्क, मायामी व लॉस एंजेलिस येथील ९१२ लॅटिनो समलैंगिक पुरुषांची पाहणीही त्यांनी सहकाऱ्यांसह केली. त्यांच्या मते अडचण माहितीच्या अभावाची नव्हती. लहानपणापासून ऐकलेली हेटाळणी, आपल्यामुळे घरच्यांना खाली पाहावे लागेल ही भीती, वंशभेद आणि गरिबी यांखाली माणसाचा निश्चय कोलमडत होता. त्यात ज्याच्याकडे देशात राहण्याची कागदपत्रे नाहीत, तो दवाखान्याची पायरी चढायलाही कचरतो. घरात भावंडे, आईवडील असताना गोळ्यांची बाटली ठेवायची कोठे, हा प्रश्न तर आपल्यालाही परका वाटू नये.

म्हणून प्रतिबंधाचे काम पत्रके वाटून भागत नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्यात संशोधकांनी स्थानिक लॅटिनो लोकांना बरोबर घेऊन 'ओला एन ग्रुपोस' हा कार्यक्रम आखला. 'ओला' म्हणजे स्पॅनिशमध्ये नमस्कार. लहान गटात, स्पॅनिश भाषेत, चार बैठका. त्याच समाजातील प्रशिक्षित पुरुष त्या घेत. ३०४ जणांपैकी काहींना या बैठका मिळाल्या, इतरांना सर्वसाधारण आरोग्यशिक्षण. सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा पहिल्या गटात निरोधाचा नियमित वापर आणि एचआयव्ही तपासणी ही दोन्ही स्पष्टपणे अधिक आढळली.  पहिल्या गटाला नेमक्या विषयावर मोकळेपणी बोलायला आपल्यातलाच माणूस मिळाला होता.

मुंबईत १९९४ साली स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टनेही समुदायातील कार्यकर्त्यांकरवी काम करण्याचाच मार्ग धरला. त्या काळी आपल्याकडे कायद्याचीही भीती होती. प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले ते सप्टेंबर २०१८ मध्ये.

कायदा बदलला, पण वर्गातील हशा अजून ऐकू येतो. हा विषय निघाला, कोणी कोणाकडे बोट दाखवून हसले आणि शिक्षक गप्प राहिले, तर मागच्या बाकावरचा एखादा मुलगा त्या दिवशी एवढेच शिकतो, की याबद्दल येथे विचारायचे नसते. दहा वर्षांनी तपासणी केंद्राच्या दारात उभा असताना त्याला पाठ्यपुस्तकातील विषाणूची आकृती आठवेल की तो हशा? त्याचे उत्तर काही अंशी आपल्या हाती आहे.