मिठूला दूध-पोळी? जरा थांबा!

रीलमध्ये पोपट कपातून चहा पितो, कुणाच्या तरी ताटातलं श्रीखंड चाटतो आणि खाली बदामांचा पाऊस पडतो. ‘सो क्यूट’ असं तुम्हीही कधीतरी टाइप केलं असेल. तुमच्या घरात बजरी, कॉकटील किंवा लव्हबर्ड असेल, तर आपल्या पिल्लूलाही एक घास द्यावा, असं वाटलं असेल. त्यात घरात आजी असेल, तर विषयच संपला! ‘आमच्या वेळी पोपट दूध-पोळीवरच वाढायचे’ हे वाक्य ठरलेलं. पण वाटी पिंजऱ्यात ठेवण्याआधी पोपटाच्या पोटाचं थोडं सायन्स समजून घेऊ या.

एन्झाइमचा लोचा

दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न. त्यात लॅक्टोज नावाची साखर असते, गाईच्या दुधात 100 मिलिलिटरमागे साधारण 5 ग्रॅम. ती फोडायला लॅक्टेज हे एन्झाइम लागतं. पक्षी पिल्लांना दूध पाजत नाहीत, त्यामुळे त्यांच्या शरीराला या एन्झाइमची गरजच पडली नाही. पोपटाकडे ते जवळपास नसतंच.

दूध प्यायलं की पोट गुडगुडणारा एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेल. त्याच्याकडे लॅक्टेज कमी असतं, म्हणून न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, बॅक्टेरिया तिच्यावर ताव मारतात आणि मग गॅस, जुलाब सुरू. पोपटाच्या पोटातही हेच होतं. फरक इतकाच की मित्र ‘आज लेक्चरला येत नाही’ असा मेसेज तरी टाकतो.

‘पण कबुतरं पिल्लांना दूध देतात ना?’ असं बायोलॉजीवाला कुणीतरी विचारेलच. ते नावापुरतं दूध. कबुतराच्या गळ्याखाली अन्न साठवायची एक पिशवी असते. तिला क्रॉप म्हणतात. तिच्या अस्तरातून प्रोटीन आणि फॅटने भरलेला दह्याच्या कवड्यांसारखा पदार्थ तयार होतो. त्यात लॅक्टोज नसतं.

एक चमचा म्हणजे किती?

‘एक चमचाच तर दिलं!’ असं आपण सहज म्हणतो. चला, हिशेब करू. बजरीचं वजन असतं साधारण 35 ग्रॅम. एक टीस्पून दूध म्हणजे 5 मिलिलिटर, तिच्या वजनाचा सातवा भाग. तुमचं वजन 60 किलो असेल, तर तुमच्यासाठी तो ‘एक चमचा’ होईल साडेआठ लिटर दुधाचा! एवढ्याशा शरीरातून जुलाबावाटे पाणी गेलं, तर पक्षी काही तासांत गळून जाऊ शकतो.

शिवाय दुधात कुस्करलेली पोळी आपल्या उन्हाळ्यात फार वेळ टिकत नाही. सकाळी वाटी ठेवून तुम्ही कॉलेजला गेलात आणि दुपारी मिठूने ती चाटूनपुसून खाल्ली, तर लॅक्टोजसोबत बॅक्टेरियाही पोटात गेले.

मग दही, पनीर, चीझ?

सगळे दुधाचे पदार्थ एकाच माळेचे मणी नाहीत. दही लागताना बॅक्टेरिया लॅक्टोजचा काही भाग वापरून टाकतात. पनीर करताना बराचसा लॅक्टोज पाण्यासोबत निघून जातो. चेडरसारख्या मुरवलेल्या कडक चीझमध्ये तो अगदी नावाला उरतो. त्यामुळे धडधाकट पक्ष्याने साध्या दह्याचं बोट चाटलं किंवा घरच्या बिनमिठाच्या पनीरचा कण खाल्ला, तर घाबरून जायचं कारण नाही. कॉकटीलसाठी ‘कण’ म्हणजे मुगाच्या दाण्याएवढा, बजरीसाठी त्याहूनही लहान. तोही कधीतरी, रोज नाही. आजारी पक्ष्याला आणि पिल्लांना मात्र तेवढंही नको.

लॅक्टोज कमी म्हणजे सगळं सेफ, असंही नाही. चीझ स्लाइस आणि क्यूबमध्ये मीठ भरपूर असतं. लोणी, तूप, साय म्हणजे नुसतं फॅट, आणि पिंजऱ्यात कमी उडणाऱ्या पोपटांच्या लिव्हरमध्ये चरबी साठण्याचा त्रास तसाही नेहमीचाच. श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीममध्ये साखरेचा मारा. मसाला ताकात पुन्हा मीठ. चहा-कॉफीतलं कॅफीन आणि चॉकलेटमधलं थिओब्रोमिन तर पक्ष्यांसाठी चक्क विष. त्या रीलमधला कप आता तितकासा क्यूट वाटणार नाही.

पिल्लांच्या बाबतीत डबल काळजी घ्या. बाजारातून आणलेल्या पिल्लाला अनेक जण दूधभात किंवा लहान बाळांचं पाकिटातलं सीरियल भरवतात. अशा बऱ्याच सीरियलमध्ये मिल्क पावडर असते, लेबल वाचा. पिल्लांसाठी हँड-फीडिंग फॉर्म्युला मिळतो. तो कसा आणि किती कोमट द्यायचा, ते पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या.

‘पण कॅल्शियमचं काय?’

हा प्रश्न मात्र खरा आहे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर जगणाऱ्या पोपटाला कॅल्शियम कमी पडतं. बजरी आणि कॉकटीलच्या माद्या नर नसतानाही अंडी घालतात. तेव्हा कॅल्शियम कमी असेल, तर अंडं आत अडकून जिवावर बेतू शकतं. आफ्रिकन ग्रेमध्ये या कमतरतेमुळे झटकेही येतात.

पण त्यावर दूध हा उपाय नाही. पिंजऱ्याला समुद्रफेस अडकवा, पेट शॉपमध्ये ‘कटल बोन’ म्हणून मिळतो. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला द्या. पालक कमीच बरा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. सकाळचं कोवळं ऊनही हवं, म्हणजे व्हिटॅमिन डी तयार होतं. पण काचेतून आलेलं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही. आणि पिंजऱ्याचा एक कोपरा सावलीत असू द्या.

आजीला नुसतं ‘देऊ नकोस’ म्हणालात, तर ती तुमची पाठ वळायची वाट बघेल. तिच्या हातात दुसरं काहीतरी द्या. पेरूची फोड, मटारची शेंग, मक्याचे दाणे, उकडलेल्या रताळ्याचा तुकडा. हिरवी मिरचीही चालेल, कारण पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. लाड करायचे तिचेही राहायला नकोत!

हिरवा पोपट असेल तर

आपल्याकडचा लाल चोचीचा हिरवा पोपट घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. दूध-पोळीची सवय सगळ्यात जास्त त्यालाच लावली जाते. तो घरात असेल, तर गुपचूप खिडकीतून सोडून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर तगेलच असं नाही. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. आफ्रिकन ग्रे, मकाव अशा परदेशी पोपटांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, हेही लक्षात असू द्या.

तो सांगणार नाही, तुम्ही ओळखा

जंगलात आजारी दिसणारा पक्षी आधी शिकार होतो. म्हणून पोपट आजार शेवटपर्यंत लपवतो. तुम्हाला कळेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. त्यामुळे या गोष्टींवर नजर ठेवा.

• शी : नॉर्मल शीमध्ये हिरवट घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी, असे तीन भाग दिसतात. हिरवा भागच पातळ झाला, तर ते जुलाब. रसदार फळ खाल्ल्यावर नुसतं पाणी वाढलं, तर ते वेगळं.
• बसणं : पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला असेल, श्वासाबरोबर शेपूट खालीवर होत असेल, तर उद्यावर ढकलू नका.
• वजन : किचनच्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. 90 ग्रॅमच्या कॉकटीलचे 9 ग्रॅम कमी झाले, तर थेट डॉक्टर गाठा.

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. त्यामुळे आपल्या शहरात पक्षी कोण तपासतं, ते आजच शोधून नंबर सेव्ह करा. रात्री अकराला मिठू मलूल होऊन बसेल, तेव्हा गुगल करत बसायला वेळ नसेल.