सुई लागली, पण नमुना आला का?

गळ्यावर गाठ दिसली, सुईची तपासणी झाली आणि अहवालात ‘नमुना निदानासाठी अपुरा’ असे आले, की घरातली माणसे सुटकेचा श्वास सोडतात. कॅन्सर निघाला नाही, असे त्यांना वाटते. हा समज धोक्याचा आहे. अपुरा नमुना म्हणजे तपासणी झालीच नाही. थायरॉइडच्या सुई-तपासणीचे अहवाल ज्या बेथेस्डा पद्धतीने लिहितात, तिच्या २०२३ च्या आवृत्तीत ‘निर्धोक’ ठरलेल्या गाठींमध्ये कर्करोगाची शक्यता सरासरी ४ टक्के धरली आहे, तर अपुऱ्या नमुन्याच्या गाठींमध्ये १३ टक्के. हे आकडे मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्या गाठींवरून काढलेले असल्याने थोडे फुगलेले असणार, हे मान्य. तरीही या दोन गटांना एकाच तागडीत तोलता येत नाही.

नमुना पुरेसा कधी म्हणायचा? स्लाइडवर थायरॉइडच्या पेशींचे किमान ६ पुंजके हवेत आणि प्रत्येकात निदान १० पेशी स्पष्ट दिसायला हव्यात. घट्ट कोलॉइड (ग्रंथीतला द्राव) भरपूर असेल, दाहाच्या पेशी असतील किंवा एखादीही पेशी संशयास्पद दिसली, तर ही अट शिथिल होते. म्हणजे हा नियम आंधळा नाही. इंदापूर-बारामतीच्या ऊसकरी शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. माती परीक्षणाची माती बांधावरून किंवा उकिरड्याशेजारून उचलली, तर प्रयोगशाळेचा अहवाल अचूक येतो, पण तो आपल्या रानाचा नसतो.

थायरॉइडमध्ये चुकीच्या जागेची माती हाती लागणे फार सोपे आहे. ही ग्रंथी रक्ताने गच्च भरलेली असते आणि पुष्कळ गाठींचा काही भाग द्रवाने भरलेला असतो. बोटांनी गाठ चाचपून सुई घातली, तर ती नेमकी द्रवात जाऊन नुसते पाणी आणू शकते. सोनोग्राफीच्या पडद्यावर मात्र सुईचे टोक चकाकणाऱ्या ठिपक्यासारखे दिसते आणि ते गाठीच्या घट्ट, संशयास्पद कोपऱ्यात नेता येते. इटलीतल्या सुमारे साडेनऊ हजार रुग्णांच्या तुलनेत, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अपुऱ्या नमुन्यांचे प्रमाण हाताने ८.७ टक्के, तर सोनोग्राफीने ३.५ टक्के निघाले. सुटून गेलेले कर्करोगही निम्म्याहून कमी झाले.

यावर आक्षेप येतो की यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. तो बऱ्याच अंशी खरा आहे. सुई २५ गेजची, केसासारखी बारीक. ती काही सेकंद झपझप मागेपुढे करायची आणि रक्त दिसायच्या आत बाहेर काढायची. पुष्कळदा सिरिंजने ओढायचीही गरज नसते, पेशी सुईच्या पोकळीत आपसूक चढतात. मग तो थेंब स्लाइडवर पातळ पसरायचा, काही स्लाइड लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, काही हवेत वाळू द्यायच्या. इथे अर्ध्या मिनिटाची हयगय झाली, तर रक्ताची गुठळी होते आणि महागडे यंत्रही वाया जाते. म्हणूनच सोनोग्राफी करणारा आणि पेशी वाचणारा एकाच खोलीत हवा. पहिल्याच स्लाइडला झटपट रंग देऊन ती तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर पुन्हा सुई घालायची की थांबायचे, हे रुग्ण टेबलावर असतानाच ठरते.

महाराष्ट्रात इथे एक खरी अडचण आहे. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्याने केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदलेल्या जागीच राहते आणि अधिकृत डॉक्टरच ते चालवतो. मुलींच्या जिवासाठी हे बंधन हवेच, त्यात पळवाट शोधू नये. यंत्र हलत नसेल, तर पॅथॉलॉजिस्टने आपला सूक्ष्मदर्शक घेऊन यंत्राकडे जावे. आठवड्यातला एक वार ठरवला, तर तालुक्याच्या गावीही हे जमण्यासारखे आहे.

खर्च वाढतो म्हणणाऱ्यांनी हिशेब रुग्णाच्या बाजूनेही मांडावा. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरच्या अंथुर्ण्यातून शेतमजूर बाई बारामतीला येते, तेव्हा तिचा आणि सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठी सोय. पण नमुना अपुरा निघाला तर तीच फेरी पुन्हा मारावी लागते, आणि दुसऱ्यांदा न येणाऱ्या बाईची गाठ तशीच राहते. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती तिला घरातच अडवते ते वेगळेच. थायरॉइडमध्ये असे पसरणे अत्यंत दुर्मीळ आहे, हे दवाखान्यात स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

म्हणून प्रत्येक केंद्राने आपल्या अपुऱ्या नमुन्यांचे प्रमाण मोजून सांगावे, असे मला ठामपणे वाटते. ते १० टक्क्यांच्या आत असावे, अशी अपेक्षा तज्ज्ञ धरतात. यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आकड्याचा धाक आला की चार पुंजक्यांनाही ‘पुरेसे’ म्हटले जाईल. ही शक्यता खरीच आहे. तिला उपाय म्हणजे दुसरा आकडा शेजारी ठेवणे: ‘निर्धोक’ म्हणून सांगितलेल्या किती गाठी पुढे शस्त्रक्रियेत कर्करोगाच्या निघाल्या. पहिला आकडा ओढूनताणून खाली आणला असेल, तर दुसरा वर चढेल आणि चूक नोंदवहीतच दिसेल.