बाजारपेठेतली कुलूपबंद घरे

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन किंवा उरण, आपल्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावाच्या जुन्या पेठेतून एकदा सावकाश चालत जा. दोन नांदत्या दुकानांच्या मध्ये एखादे घर असे दिसेल की, त्याच्या दाराला गंजलेले कुलूप आहे, ओटीवर पाचोळा साचला आहे, माडीची खिडकी एका बिजागरीवर लोंबते आहे आणि भिंतीच्या फटीतून पिंपळ वर आला आहे. विचारले तर शेजारचा दुकानदार म्हणेल, ‘‘मालक मुंबईला असतात. गणपतीला यायचे पूर्वी.’’ त्या ‘पूर्वी’ला किती वर्षे झाली, हे त्यालाही सांगता येत नाही.

पेठेत असे एकच घर असेल तर कोणी त्याचा विचार करीत नाही. पण एकाची तीन झाली, तिनांची सात झाली, की गावाच्या मध्यवस्तीचे रूपच बदलते. गिऱ्हाईक त्या बाजूला फिरकेनासे होते, संध्याकाळी दिवा दिसत नाही, आणि शाळेला जाणारी मुले नेमकी त्याच भिंतीच्या सावलीतून चालतात. अशा घरांचे नियमन कोण करतो आणि कायद्याचा हात कुठवर पोचतो, ते आज पाहू.

आधी घर पडते कसे ते समजून घ्यावे. जांभ्या दगडाचे आणि मंगलोरी कौलांचे घर मुळात दणकट असते. ते शंभर वर्षे सहज उभे राहते. मात्र त्याला माणसाचा वावर लागतो. दरसाल वैशाखात शाकारणी होते, सरकलेले कौल जागेवर बसते, फुटलेले बदलले जाते. चुलीचा धूर वाशांना लागतो. कुलूप लागल्यावर यातले काहीच होत नाही. एक कौल सरकते. त्यातून पहिल्या पावसाचे पाणी वाशावर पडते. दोन-तीन पावसाळ्यांत वासा कुजतो, वाळवी चढते, तुळई वाकते. छप्पर बसले की पाणी थेट भिंतीत उतरते. मातीत बांधलेली भिंत असेल तर सांध्यातली माती धुपून जाते आणि नुसता दगडावर दगड उरतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा घरोघरची कौले उडाली. ज्या घरात माणसे होती तिथे आठवड्याच्या आत ताडपत्री तरी पडली. बंद घरांवर ती टाकणार कोण?

आता कायद्याकडे वळू. नगरपरिषदेच्या हद्दीत १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदांचा अधिनियम लागू असतो. त्याच्या १९५ व्या कलमाखाली, पडायला आलेली किंवा ये-जा करणाऱ्यांना धोकादायक झालेली इमारत दुरुस्त करा, आधार द्या किंवा उतरवून घ्या, अशी नोटीस देता येते. पावसाळ्याच्या तोंडावर दारांवर चिकटवलेले कागद तुम्ही पाहता ते बहुधा याच कलमाचे. पनवेलला २०१६ पासून महापालिका आहे. तिथे महापालिकांचा वेगळा कायदा चालतो, आणि त्यात तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची मजबुती तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचीही तरतूद आहे. पण वयावरून सगळेच कळते असे मात्र समजू नका. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी जी पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली, ती जुनीही नव्हती आणि रिकामीही नव्हती.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा कायदा ‘घर रिकामे का?’ असे विचारतच नाही. तो एवढेच विचारतो, ‘घर पडणार आहे का?’ म्हणजे कुलूप लागल्यापासून भिंत फुगेपर्यंतची जी वीस-पंचवीस वर्षे, त्या काळात नगरपरिषदेच्या हाती फारसे काही नसते. घरपट्टी भरली की मालक मोकळा. माझ्या मते दुखण्याचे मूळ इथेच आहे.

असे नेहमीच होते असे नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई इलाख्यात घरांची फार टंचाई होती. तेव्हा १९४८ साली जागा ताब्यात घेण्याचा कायदा झाला. जागा रिकामी झाली की मालकाने सरकारला कळवायचे आणि सरकारने ती सार्वजनिक कामासाठी ताब्यात घ्यायची, असा त्याचा रोख होता. पण तात्पुरती म्हणून घेतलेली जागा तीस-तीस वर्षे परत मिळेना. शेवटी १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा ताबा अमर्याद काळ ठेवता येणार नाही. सरकार घर घेईल आणि परत देणार नाही, ही धास्ती काही जुन्या घरमालकांच्या मनात अजून आहे.

दुसरी धास्ती भाडेकरूची. ‘‘भाड्याने दिले तर घर गेले’’ हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. आज महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. जिथे तो लागू आहे, तिथे भाडेकरूनेच सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकाला ताबा मागता येतो. उलट मालक दुरुस्ती करीत नसेल, तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय आहे. मात्र वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. हिशेब करून पाहा. जुन्या दुकानाचे भाडे महिना चाळीस रुपये धरले तर वर्षाचे चारशे ऐंशी, त्याचा चौथा हिस्सा एकशे वीस. एवढ्यात चार-दोन कौले येतील. सुताराचा एक दिवसही निघणार नाही. म्हणून खाली दुकान चालू आणि वर माडी कोसळलेली, असे चित्र पेठेत दिसते.

सगळ्यांत अवघड कुलूप मात्र वारसांचे. आजोबांनी बांधलेले घर. त्यांना चार मुलगे, दोन मुली. त्यांची मुले आता बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत पसरलेली. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव. एका गावी मी अशी नोटीस दारावर वाचली आहे. ज्यांच्या नावाने ती काढली होती त्यांना जाऊन तीस वर्षे झाली होती! नोटिशीला उत्तर कोण देणार? आणि दुरुस्तीला पैसे घातले तर बाकीचे म्हणणार, ‘‘हा घर बळकावतोय.’’ म्हणून कोणीच घालीत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते वाटतात तेवढे दुर्मीळ नाहीत. पहिले काम वारसनोंदीचे. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेवर सर्व वारसांची नावे चढवून घ्यावीत. घरपट्टीच्या पावतीवर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा समज चुकीचा आहे. मग सर्वांनी मिळून एकाला कुलमुखत्यारपत्र द्यावे. वाटणी जमतच नसेल तर १८९३ चा वाटणीचा कायदा आहे. घराचे तुकडे करणे शहाणपणाचे नसेल तेव्हा विक्री करून पैसे वाटण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते. एखाद्या भावाने आपला हिस्सा परक्याला विकला आणि त्या परक्याने वाटणीचा दावा लावला, तर तो हिस्सा योग्य किमतीला घेण्याचा हक्कही घरच्यांना आहे.

ही अडचण आपलीच आहे असे नाही. जपानात खेडी ओस पडून लाखो घरे रिकामी झाली. २०२३ च्या पाहणीत ती सुमारे नव्वद लाख भरली. तिथे घर उभे असलेल्या जमिनीवर कर कमी, त्यामुळे पडके घरही कोणी पाडीत नसे. २०१५ पासून अंमलात आलेल्या कायद्याने, घर धोकादायक ठरले आणि मालकाने बजावूनही लक्ष दिले नाही, तर ती करसवलत काढून घेता येते. कॅनडातील व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरावर वेगळा करच बसवला. आपल्याकडे गंमत उलटी: मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात घर रिकामे राहिल्यास कराचा काही भाग परत मागण्याची सोय होती!

व्हँकुव्हरसारखा कर आपल्या पेठेत चालेल, असे मला वाटत नाही. जिथे मालक कोण हेच ठरलेले नाही, तिथे कराची थकबाकी तेवढी वाढेल. त्यापेक्षा आधी यादी हवी. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे तेहेतीस कोटी घरांपैकी जवळजवळ अडीच कोटी रिकामी नोंदली गेली. ती नोंद दारोदार फिरून केली कोणी? बऱ्याच ठिकाणी तुम्हा शिक्षकमंडळींनीच. कोणत्या गल्लीत कोणते घर बंद, हे तुमच्याइतके नगरपरिषदेलाही ठाऊक नसेल.

तेव्हा शाळेच्या वाटेवर अशी भिंत असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीने मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यावा. गाव ग्रामपंचायतीचे असेल तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या नावे. घराचा क्रमांक, कोणती भिंत कुठे झुकली आहे, मुले कोणत्या वेळी तिथून जातात, हे साध्या भाषेत लिहावे. शक्य तर छायाचित्र जोडावे. मालकांचा मुंबईचा पत्ता शेजाऱ्यांकडून मिळाला तर तोही द्यावा, म्हणजे नोटीस नुसती दारावर चिकटून राहणार नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेऊन ती शाळेच्या दप्तरी ठेवावी. आणि अर्ज मार्चअखेर द्यावा. मे उजाडला की गवंडी आणि सुतार दोघेही मिळत नाहीत.