पदवीदानाची तालीम

पदवीदान समारंभाला कन्नडमध्ये 'घटिकोत्सव' म्हणतात. मी मराठी माध्यमातून आलेला. मला वाटे, हा घटका मोजीत बसण्याचा उत्सव असावा! पुढे कळले की 'घटिका' म्हणजे प्राचीन काळचे विद्यापीठ. गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयातील अशा समारंभात मी स्वयंसेवक होतो. तेव्हा आदल्या दिवशी तालीम कशासाठी घ्यावयाची, हे मला समजले.

वक्ते भाषण तयार करूनच येतात. गोंधळ होतो तो एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते, त्या सांध्यावर. नाडगीत अडीच मिनिटांचे, राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे. पण गाणाऱ्या मुलींना खूण कोणी करावयाची, हे ठरलेले नसेल तर सारी सभा नुसतीच उभी राहते.

प्रमाणपत्रांचेही तसेच. प्रमाणपत्रांची चळत, खुर्च्यांची रांग आणि नावांची यादी ही तिन्ही जुळली पाहिजेत. चौदावा विद्यार्थी गैरहजर राहिला व ते कोणी कळवले नाही, तर पंधराव्याच्या हाती चौदाव्याचे प्रमाणपत्र पडते आणि ती चूक शेवटच्या खुर्चीपर्यंत सरकत जाते. आम्हां वाणिज्यवाल्यांना हे नवे नाही. तेरीज जुळल्याशिवाय ताळेबंद मांडीत नाहीत! म्हणून तिन्ही ठिकाणी एकेक माणूस नेमला.

तालमीत निवेदक सरांच्या जागी नावे मी वाचीत होतो. यादी इंग्रजीत होती. तीत 'काळे' आणि 'काले' एकसारखेच दिसतात. एका कन्नड विद्यार्थ्याचे नाव मी असे काही वाचले की तो उठलाच नाही. सगळे हसले, तोही हसला. मग जवळ येऊन म्हणाला, "अरे, उद्या वडील गावाहून येणार आहेत. कॉलेजात माझे नाव ते एकदाच ऐकणार."

मी खजील झालो. त्या संध्याकाळी कन्नड विभागातील एका मित्रासह बसून सारी यादी दोन्ही लिप्यांत लिहिली. तेवढ्यानेही भागेना. कन्नडमध्ये ऱ्हस्व व दीर्घ 'ए' निराळे, आपल्याकडे अक्षर एकच. आपल्या 'चव्हाण'मधला 'च' कन्नडमध्ये नाही. शेवटी प्रत्येकाला गाठून त्याचे नाव त्याच्याच तोंडून ऐकले आणि सकाळी सरांकडून तसे म्हणवून घेतले.

समारंभात ते नाव पुकारले गेले, तेव्हा मागच्या रांगेतील एक फेटेवाले गृहस्थ चटकन उभे राहिले. यंदाच्या स्वयंसेवकांना एवढेच सांगणे : खुर्च्या मागाहून मांडा, आधी नावे विचारून घ्या.