धरणाच्या पाण्यावरचा वळीव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘हा काय समुद्र आहे?’ असं म्हणून धरणाच्या पाण्यावर लोक निर्धास्त होडी काढतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सातपैकी सहा जण गेले. ती वाट गावकऱ्यांच्या नेहमीच्या जाण्यायेण्याची होती. मोठ्या जलाशयात वाऱ्याला अडवायला काही नसतं. तिथल्या लाटा समुद्राएवढ्या उंच नसतात हे खरं, पण आखूड, उभ्या आणि एकामागोमाग येतात. छोट्या होडीला सावरायला उसंत मिळत नाही.

‘पाऊस दिसला की वळू’ हा सगळ्यात घातक समज. वळवाच्या ढगाखाली पाऊस कोरड्या हवेत विरतो, ती हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि फरशीवर ओतलेल्या बादलीभर पाण्यासारखी चहूकडे धावते. हा झोत पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे असू शकतो. म्हणजे तुमच्या डोक्यावर ऊन असतानाच वादळ होडीपर्यंत पोचतं. चाहूल मात्र लागते : चालता वारा एकदम पडतो, मग भलत्याच दिशेने गार झुळूक येते, पलीकडच्या काठावर धूळ उठते, पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसतो. पट्टा दिसला म्हणजे हाताशी फार वेळ उरलेला नाही.

तेव्हा ‘भरल्या शिडाने झपाट्यात काठ गाठू’ हा हिशेब चुकतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वारा ३० नॉटचा झाला, तर शिडावरचा दाब तिप्पट नव्हे, नऊपट होतो. शीड आधीच उतरवायचं. तेवढी सवड नसेल तर शिडाचा दोर ढिला सोडून नाक वाऱ्याकडे वळवायचं. आणि जवळचा म्हणून धरणाच्या दगडी भरावाकडे मुळीच जायचं नाही. लाटा होडी तिथेच आपटतात.

‘मला पोहता येतं’ म्हणणाऱ्यांना उजनीतून पोहून बाहेर आलेला एकच प्रवासी आठवतो, बाकीचे सहा नाही. लाइफ जॅकेट निघतानाच बांधायचं. उलटल्यावर पाण्यात ते चढवणं जवळजवळ अशक्य असतं. होडी तरंगत असेल तर ती सोडू नका. काठ वाटतो त्याहून लांब असतो, आणि शोधणाऱ्यांना डोक्यापेक्षा होडी आधी दिसते.

विजेचंही तसंच. मोकळ्या पाण्यावर डोलकाठीच सगळ्यात उंच असते आणि वीज ढगापासून १० किलोमीटरवरही पडू शकते. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरू नका.

एप्रिल ते जूनमध्ये शिडाची हौस सकाळीच भागवा. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा तीन तासांचा नाऊकास्ट आणि वीज कुठे पडते आहे ते दाखवणारं ‘दामिनी’ ॲप पाहा. दुपारी ढग फुगायला लागले, तर होडी काठाला बांधून खुशाल चहा घ्या.