‘आर्थिक’मधली वेलांटी कोण हलवतं?

मोबाइलवर ‘आर्थिक’ हा शब्द टाइप करा. यंत्राच्या स्मृतीत तो असा साठतो: आ, र, हलन्ताचं चिन्ह, थ, पहिली वेलांटी, क. एकूण 6 युनिकोड संकेतांक, उच्चाराच्या क्रमाने लावलेले. पडद्यावर मात्र वेलांटी उडी मारून ‘थ’च्या अलीकडे उभी राहिलेली असते आणि ‘र’ रफार होऊन डोक्यावर चढलेला असतो. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस हे काम हातांनी करायचा. आता ते कोण करतं?

बहुतेक वेळा हार्फबझ नावाची एक लायब्ररी. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत तीच अक्षरं जुळवते. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फाहबोद हे तिचे प्रमुख कर्ते. तिचा सी प्लस प्लसमधला मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येतो. आपली मराठी जगभरच्या पडद्यांवर नीट उमटवणारं हे यंत्र घरच्या लिनक्स संगणकावर मुळापासून बांधता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सुरुवात ‘गिट क्लोन’ने. कोड उतरतो आणि त्याच्यासोबत त्याचा इतिहासही: कोणती ओळ कुणी, कधी बदलली. ‘एसआरसी’ या फोल्डरात भारतीय लिप्यांसाठी वेगळी फाइल आहे. ती बांधणीआधी जरूर उघडा. रफार अक्षरसमूहात कुठे न्यायचा, वेलांटी किती मागे सरकवायची, जोडाक्षरातलं मुख्य व्यंजन कसं ओळखायचं, हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. शेजारच्या एका फाइलमध्ये अक्षरसमूहाचं व्याकरणच मांडलेलं आहे: व्यंजन, मग हलन्त, मग पुन्हा व्यंजन, शेवटी मात्रा आणि अनुस्वार. रॅगेल नावाचं साधन त्या व्याकरणातून सी प्लस प्लसचा कोड तयार करतं. शाळेत आपण जे नकळत शिकलो, ते इथे ओळीओळीने समोर येतं.

मग ‘मेसन सेटअप बिल्ड’. मेसन अजून काही बांधत नाही, आधी तुमच्या संगणकाची चौकशी करतो. कंपायलर कुठला? फ्रीटाइप ही लायब्ररी आहे का? जीलिब? कैरो? नवखी माणसं अडतात ती इथे. डेबियन किंवा उबुंटूवर कैरो असतं, पण त्याच्या हेडर फाइली ‘डेव्ह’ असं शेपूट असलेल्या वेगळ्या पॅकेजात असतात. त्या सापडल्या नाहीत तर मेसन कुरकुर न करता पुढे जातो आणि कैरोवर चालणारं एचबी-व्ह्यू हे साधन वगळतो. म्हणून शेवटी तो छापतो तो गोषवारा नीट वाचायचा.

पुढचं काम निंजाचं. तो प्रत्येक फाइल कंपायलरकडे देतो, प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना एकाच वेळी कामाला लावतो आणि शेवटी तुकडे जोडून लायब्ररी तयार करतो. नंतर एखादी ओळ बदललीत तर जेवढ्याला तिची झळ लागते तेवढंच पुन्हा बांधलं जातं.

‘मेसन टेस्ट’ ही पायरी टाळू नका. या चाचण्यांच्या फाइलींत एकेका ओळीवर फॉन्ट, संकेतांक आणि अपेक्षित आकृत्या नोंदवलेल्या असतात. आज सुधारलेलं जोडाक्षर उद्याच्या बदलाने मोडू नये, याची ती राखण आहे.

आणि आता मौज. नुकत्याच बांधलेल्या एचबी-शेप या साधनाला देवनागरी फॉन्ट आणि ‘आर्थिक’ हा शब्द द्या. साध्या फॉन्टमध्ये 5 आकृत्या मिळतात: आ, वेलांटी, थ, रफार, क. प्रत्येकीपुढे एक आकडा असतो. ‘आ’ला 0, मधल्या तिघींना 1, आणि ‘क’ला थेट 5. मधले चार संकेतांक एकाच अक्षरसमूहाचे आहेत हे यंत्राने ओळखलं आणि आतल्या आत त्यांची जागा बदलली! एचबी-व्ह्यूला भाषा मराठी आहे असं सांगितलं आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’सुद्धा आपल्या वळणाचे उमटतात.

राहिलं ‘मेसन इन्स्टॉल’. नेहमीच्या रीतीने ते लायब्ररीला ‘युएसआर-लोकल’मध्ये ठेवतं, आणि ‘एलडीकॉन्फिग’ने यादी ताजी झाली की इतर प्रोग्रॅमही तीच प्रत उचलू शकतात. प्रयोगासाठी हे मला योग्य वाटत नाही. सेटअपच्या वेळी ‘प्रीफिक्स’ देऊन तिला आपल्या होम फोल्डरातच बसवा, म्हणजे काही बिघडलं तर तो फोल्डर पुसला की झालं. क्रोमसारखे प्रोग्रॅम हार्फबझची स्वतःची प्रत सोबत आणतात, त्यामुळे तुमच्या बांधणीने त्यांच्यात फरक पडणार नाही.

एखाद्या फॉन्टमध्ये ‘वाऱ्या’ किंवा ‘ऱ्हास’ मोडलेला दिसला, तर तो शब्द आधी एचबी-शेपमध्ये घालून पाहा. चूक फॉन्टची की लायब्ररीची, हे बहुधा तिथेच उमगेल. लायब्ररीची निघाली, तर शब्द, फॉन्ट आणि अपेक्षित रूप प्रकल्पाला कळवा. मराठी डोळ्यांना खटकणारी चूक मराठी वाचणाऱ्यानेच दाखवायला हवी.