राखणीस सेन्सर, कुंपणास वीज नको

2002 साली कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात उतरले व तेथील बागायतीस उपद्रव होऊ लागला. नांदेड-लातूरकडे हत्ती नाहीत. येथे हरभरा व सोयाबीन यांची नासाडी करतात ती रोही व रानडुकरे. राखणीचे तत्त्व मात्र एकच. सेन्सर हा हलत्या जनावराच्या अंगची उष्णता ओळखून तत्क्षणी दिवा व भोंगा चालू करतो. रात्रभर वाजणाऱ्या भोंग्यास जनावरे सरावतात. अवचित आवाजास बिचकतात. तरीही आवाज व जागा अधूनमधून बदलावी. रानडुकरांसाठी यंत्र त्यांच्या वाटेवर गुडघाभर उंचीवर बसवावे व समोरील गवत काढावे.

कुंपणाच्या तारेत घरगुती वीज मात्र कदापि सोडू नये. तो गुन्हा आहे. शिवाय रात्री पिकास पाणी देण्यास निघालेला आपलाच शेजारी त्या तारेस बळी पडतो. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हे प्रत्येक शेतकऱ्यास समजावून सांगावे.